सांगा, यातला माझा कुठला?

माणसांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, डोळा राहतो. दादरच्या भाजीबाजारात एखादी बाई दुधी निवडत असते, शेजारी मी कोथिंबिरीची जुडी घेऊन उभी असते, ती मान वळवते आणि मला कळतं, उजवा माझा. बाई कोण, कुठली, कधी आली होती, काही आठवत नाही. पण त्या बुबुळाच्या कडेची हिरवट छटा साधायला मला तीन दिवस लागले होते, ते आठवतं. अशा वेळी आपण होऊन ओळख दाखवायची नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. ती हसली तर हसायचं, नाहीतर कोथिंबीर घेऊन चालू पडायचं. तिच्याबरोबर कोण आहे आणि त्याला काय ठाऊक आहे, हे आपल्याला माहीत नसतं.

मी कृत्रिम डोळे तयार करते. एकेचाळीस वर्षं झाली. त्यातली बरीचशी परळच्या एका मोठ्या रुग्णालयात नोकरीत गेली. निवृत्त झाल्यापासून गिरगावात दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत आठवड्यातून चार दिवस बसते. आपलं काम आपण एकट्यानेच करायचं असतं, याची मला इतकी सवय होती की त्याबद्दल कधी कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. मग एकदा सोबत मिळाली, ती मी स्वतःच्या रागापायी घालवली, आणि तेव्हा कळलं की मी किती एकटी होते. ते सगळं सांगायचं तर आधी काम सांगावं लागेल.

लोकांना वाटतं कृत्रिम डोळा म्हणजे गोटी. तसं नसतं. शिंपल्यासारखी एक उथळ वाटी असते, ती पापणीमागे बसते. दातांची कवळी ज्या ॲक्रिलिकची करतात, त्याचीच. आधी खोबणीचं माप घ्यायचं, मेणाचा नमुना बसवून बघायचा, त्यावरून साचा करून पांढरा भाग शिजवून काढायचा. बुबुळ वेगळ्या चकतीवर रंगवायचं. त्यासाठी माणसाला उत्तरेच्या खिडकीत समोर बसवायचं, कारण तिथे ऊन थेट येत नाही आणि दिवसभर उजेड एकसारखा राहतो. सगळ्यात शेवटी शिरा. लाल रेशमाचा धागा विंचरून त्याचा एकेक तंतू सुटा करायचा, आणि माणसाच्या चांगल्या डोळ्यात बघून तशाच वळणाने चिमट्याने पांढऱ्यावर मांडायचा. वर पारदर्शक थर, आणि मग पॉलिश. या डोळ्याने दिसणार नाही, हे मी प्रत्येकाला तीन-तीनदा सांगते. तरी बसवून झाल्यावर प्रत्येक जण आधी चांगला डोळा हाताने झाकून बघतोच.

मला विचाराल तर हे काम मी पोटासाठी धरलं आणि थक्क होण्यासाठी चालू ठेवलं. काळा डोळा म्हणून काही नसतं. आपण ज्याला काळा म्हणतो, त्यात तपकिरी असतो, शेंदरी असतो, कडेला जांभळट धूर असतो, आणि बाहुलीभोवती सोनेरी दोऱ्यांचं विणकाम असतं. एका माणसाचं विणकाम दुसऱ्यासारखं नाही. इतकंच काय, त्याच माणसाचा डावा उजव्यासारखा नाही. अजूनही कुणी समोर येऊन बसलं की पहिली पाच मिनिटं मी ब्रश उचलत नाही, नुसती बघत राहते. लोकांना वाटतं बाई अंदाज घेतायत.

हे बघणं मला पेडणेकर सरांनी शिकवलं. रुग्णालयात हे काम करणारे ते एकटेच होते. मी लालबागच्या चाळीतली, वडील गिरणीच्या रंगखात्यात, माझ्या हातात चित्रकलेची पदविका आणि नोकरीचा पत्ता नाही. सरांनी मला ठेवून घेतलं ते एका अटीवर. शिकाऊ माणसाने पहिला डोळा सरांचा करायचा. म्हणजे रोज सकाळी चहाचा कप घेऊन सर माझ्यासमोर खिडकीत येऊन बसायचे आणि मी त्यांच्या डाव्या डोळ्याची नक्कल करायची. चार महिने हेच चाललं होतं. रोज संध्याकाळी ते माझा डोळा हातात घेऊन म्हणायचे, "सुलभा, हा अजून मी नाही." ज्या दिवशी ते काही न बोलता तो डोळा खिशात टाकून घरी बायकोला दाखवायला घेऊन गेले, त्या दिवशी मी पास झाले. सर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली.

चुकाही मी खूप केल्या. एक सांगते, कारण पुढे ती लागणार आहे. लालबागचे परब नाटकांच्या दिव्यांचं काम करायचे. मी त्यांना खिडकीत बसवून झकास डोळा केला. महिन्याभराने परब दारात उभे.

"गो बाय, ह्यो डोळो दुपारचो झालो," ते म्हणाले. "माजो सगळो दिवस विंगेतल्या काळोखात जाता."

मी कपाळावर हात मारला. उजेडात बाहुली आकसते, अंधारात मोठी होते. मी खिडकीतल्या उजेडातली बारीक बाहुली रंगवली होती. विंगेत त्यांचा खरा डोळा मांजरासारखा मोठा व्हायचा आणि माझा डोळा भर उन्हात असल्यासारखा बारीकच राहायचा. नट म्हणे त्यांच्याकडे बघून वाक्यं विसरायचे. मग मी त्यांना मोठ्या बाहुलीचा दुसरा डोळा करून दिला. घरी दिवसाचा, थिएटरात रात्रीचा. परब दुसऱ्या डोळ्याची डबी खिशात मिरवत असत.

आता मूळ गोष्ट. माझी भाची केतकी शिवाजी पार्कजवळ राहते. दहा वर्षांपूर्वी तिने मला त्या मोठ्या सोशल मीडियावर खातं उघडून दिलं. मी आधी नातेवाइकांच्या मुंजी बघितल्या आणि कंटाळले. मग एके दिवशी केतकीनेच शोधून दाखवलं: "आत्या, हे बघ. डोळे करणाऱ्यांचा ग्रुप आहे."

मला खरं वाटेना. सर सोडले तर माझं काम करणारा दुसरा माणूस मी तोवर पाहिलेलाच नव्हता. आणि इथे जगभरातले दोनशेच्या आसपास लोक. कुणी बर्फाच्या देशातलं, कुणी वाळवंटातलं, प्रत्येकाच्या टेबलावर तोच चिमटा, तोच लाल धागा. एका फोटोत एका बाईने धागा विंचरायला दाढीचं जुनं पातं वापरलं होतं आणि मी ओरडलेच, कारण मीही तेच वापरते आणि ती युक्ती माझी मीच काढली आहे असं मला वाटत होतं. त्या दिवशी मी जेवणसुद्धा विसरले. लालबागच्या चाळीतली मी, आणि माझ्या नकळत जगात इतकी माणसं माझंच काम करत बसलेली!

ग्रुप चालवायची मार्ता, अर्जेंटिनातल्या एका गावातली. ती तिच्या भाषेत लिहायची, यंत्र त्याचं इंग्रजी करून द्यायचं, आणि मी माझ्या मोडक्या इंग्रजीत उत्तर द्यायची. दुसरा डीटर, जर्मनीतला, काचेचे डोळे फुंकणाऱ्या घराण्यातला. तसं काम करणारे आता थोडेच उरलेत. ग्रुपचे रिवाज पक्के होते. फोटोत भुवईपासून गालापर्यंतच दिसायचं, चेहरा नाही, नाव नाही. फोटो टाकणाऱ्याने फक्त एवढंच लिहायचं: "कुठला?" आणि बाकीच्यांनी सांगायचं, डावा की उजवा. मतं निम्मी-निम्मी फुटली की समजायचं काम जमलं. माझ्या फोटोंना मतं कायम निम्मी-निम्मी पडायची. मी बाहेरून गप्प बसायची आणि आतून फुगायची.

परबांच्या संमतीने मी त्यांचेही फोटो टाकले होते, दिवसाचा आणि रात्रीचा. ते खूप गाजले. आणि तिथेच माशी शिंकली.

ग्रुपमध्ये कुणी तरी चोर घुसला होता. परबांच्या डोळ्यांचा फोटो त्या मोठ्या माध्यमावर एका जाहिरातीत झळकू लागला: डोळ्यांत घालायचे थेंब, दहा दिवसांत गेलेली दृष्टी परत. आधी हा, नंतर हा. परब हसले. पण त्यांच्या गावच्या चुलत्याने ती जाहिरात पाहिली, पुतण्याचे डोळे ओळखले, आणि मोतीबिंदूचं ठरलेलं ऑपरेशन रद्द करून थेंबांची वाट बघत बसला. त्याला समजवायला परबांना गावी जावं लागलं. मी त्या माध्यमाकडे तक्रार केली. उत्तर यंत्राने दिलं: नियमांचा भंग आढळला नाही. पुन्हा तक्रार केली, पुन्हा तेच. माझं डोकं फिरलं. मी मालवणी आहे, माझं डोकं फिरलं की ते लवकर जागेवर येत नाही. त्याच दुपारी मी खातं बंद केलं. फोटो गेले, ओळखी गेल्या, सगळं गेलं. मार्ताला निरोपाचा शब्दही लिहिला नाही, जणू चोरी तिनेच केली होती. याची मला आजही लाज वाटते.

केतकीने मला एका छोट्या माध्यमावर नेलं. नाव सांगत नाही, उगाच जाहिरात नको. ते छान आहे, खरंच. जाहिराती नाहीत, भांडणं नाहीत, लोक एकमेकांना "कसे आहात" विचारतात आणि उत्तर वाचतात. कुणी शाईची पेनं दाखवतं, कुणी घरचा पाव, शिवाजी पार्कात फेऱ्या मारणारे एक निवृत्त गृहस्थ रोज तिथल्या झाडांवरचे पक्षी टिपतात. स्वच्छ, हवेशीर गाव. पण त्यात माझ्या आळीचं एकही घर नव्हतं.

मी शोधून पाहिलं. "डोळे" असं शोधलं तर काजळ आणि कविता. "कृत्रिम डोळा" शोधलं तर कॅमेरे. शेवटी धीर करून एक फोटो टाकला आणि लिहिलं, "कुठला?" एकाने लिहिलं, "दोन्ही सुंदर." एका बाईंनी डोळ्यांवर काकडीचे काप ठेवायला सांगितलं. एका कवीने चार ओळी केल्या. आणि संध्याकाळी कुणाच्या तरी तक्रारीवरून माझा फोटो धूसर करून त्यावर पट्टी लावली गेली: मन विचलित होऊ शकेल.

"केतकी, माझं चाळीस वर्षांचं काम मन विचलित करतं म्हणे," मी फोनवर म्हणाले.

"अगं आत्या, त्यांना सांग ना काय असतं ते. लिही."

मी लिहू लागले, थोडं थोडं. लोकांनी आवडीने वाचलं, चांगले प्रश्न विचारले. या अंकाच्या संपादकबाईही मला तिथेच भेटल्या, तेव्हा त्या गावाचा माझ्यावर उपकारच आहे. पण कौतुक वेगळं आणि सोबत वेगळी. नवा पिवळा रंग शिजवल्यावर तांबूस का होतो, हे कुणाला विचारू? एखाद्या फोटोत शिरेचं एक वळण मनासारखं उतरलंय, ते बघून ज्याचा श्वास अडकेल असा माणूस कुठून आणू? वर्षानुवर्षं मी एकटीने काम केलं होतं आणि कधी काही खुपलं नव्हतं. आता गिरगावच्या त्या खोलीत धागा विंचरताना हात मध्येच थांबायचा. परत जावंसं वाटायचं, पण कुठल्या तोंडाने जाऊ?

अशात फिलोमिना टीचर आल्या.

टीचर माझगावच्या. तिथल्याच शाळेत त्यांनी जन्मभर मुलांना भूगोल शिकवला, आणि तिथल्याच चर्चमध्ये रविवारच्या मराठी मिस्साला बायबलमधलं वाचन चाळीस वर्षं त्याच करत आल्यात. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, डोळ्यांवर काळा चष्मा. खुर्चीत बसल्या आणि पिशवीतून कापसात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. काचेचा डोळा, दोन तुकडे झालेला.

"बेसिनमध्ये पडला," त्या म्हणाल्या. "माय मिस्टेक. हा लास्ट होता, सुलभा."

मग त्यांनी सांगितलं. सात वर्षांच्या असताना माझगावच्या वाडीत खेळताना त्यांच्या थोरल्या भावाची विटी त्यांच्या डोळ्यात बसली होती. भाऊ पुढे जहाजावर लागला. जहाज जर्मनीला गेलं की बहिणीचा फोटो दाखवून काचेचे डोळे करून घ्यायचा आणि डबीत कापूस घालून आणायचा. दर फेरीला दोन-तीन. काचेचा डोळा काही वर्षांत खरखरीत होतो, मग पुढचा घ्यायचा. आयुष्यभर टीचर भावाने आणलेले डोळे घालत आल्या होत्या.

"तो कधी सॉरी नाही बोलला," टीचर म्हणाल्या. "डोळे आणून द्यायचा आणि लगेच बाहेर जायचा. गेला बिचारा. आता कोण आणणार?"

मी म्हटलं, टीचर, काळजी नको, मी करते ना. त्यांनी मान हलवली. ॲक्रिलिक त्यांना चालत नव्हतं, पूर्वी एकदा करून पाहिलं होतं. तरी मी केला. दुप्पट वेळ शिजवला, तिप्पट वेळ शिजवला. तासाभरात पापणी सुजायची आणि धारा लागायच्या. तीन डोळे केले, तिन्ही वाया. आणि खोबण थांबत नाही. रिकामी राहिली की ती आत आत आक्रसत जाते, आणि मग कुठलाच डोळा बसत नाही. रोज तासभर नुसतं साधं कवच घालून ठेवा, एवढंच मी सांगू शकले. तेही त्यांना सोसत नव्हतं.

"चर्चला जाताय ना?" मी विचारलं.

"फादरना सांगितलंय सर्दी झाली," त्या म्हणाल्या. "सहा आठवडे सर्दी! वाचायला उभं राहिलं की मान वर करून लोकांकडे बघावं लागतं ग. काळा चष्मा लावून देवाचं वचन कसं वाचू? आय कान्ट. बाकी मला काय उरलंय, सुलभा? तेवढंच तर आहे." आणि इतका वेळ ताठ असलेली ती बाई माझ्यासमोर रडली. काळ्या चष्म्याखालून पाणी ओघळत होतं.

काचेचा डोळा करणारा जगात मला एकच माणूस माहीत होता, डीटर, आणि तो ज्या घरात राहत होता त्याचं दार मी आपटून आले होते.

त्या दुपारी मी मोठ्या माध्यमावर नवं खातं काढलं. ग्रुपला विनंती पाठवली: मी सुलभा, मुंबईची. दुसऱ्या दिवशी मार्ताचं कोरडं उत्तर. चोरीनंतर आम्ही नवीन कुणाला घेत नाही, सोडून गेलेल्यांच्या नावाने खोटी माणसं आलेली आहेत. तुम्ही सुलभा आहात कशावरून? मी लिहिलं, परबांचे फोटो माझे होते. ते चोराकडेही आहेत, तिने लिहिलं. त्यातही तिचं बरोबर होतं. मग तिने सांगितलं, तुम्ही केलेला, आधी कुणाला न दाखवलेला एक डोळा तळहातावर ठेवून फोटो पाठवा. चेहरा नको.

टीचरसाठी केलेल्या, वाया गेलेल्या तीन डोळ्यांपैकी एक मी हातावर ठेवला आणि फोटो पाठवला. रात्रभर माझं मन थाऱ्यावर नव्हतं. हा तर नवा डोळा, यावरून कुणाला काय कळणार?

सकाळी फोन उघडला. सगळ्यात आधी डीटर: "मुंबई." त्याखाली एक जपानी बाई: "मुंबई." मग एकामागून एक, कितीतरी जण, एकच शब्द, मुंबई, मुंबई. आणि शेवटी मार्ता. "तूच आहेस. नाकाच्या बाजूला, खाली. ती शीर, तिला मध्येच फाटा फुटतो आणि धाकटा फाटा परत वर वळतो. तुझ्या प्रत्येक डोळ्यात ती आहे. आम्हाला वाटायचं ती तुझी सही आहे."

मी खुर्चीत बसले. कसली सही? मी तर प्रत्येकाच्या डोळ्यात बघून शिरा मांडते! मी लिहिलं, पण मग "कुठला?" मध्ये माझ्या फोटोंना मतं निम्मी-निम्मी पडायची ती? मग डीटरने लिहिलं, "आम्हाला नेहमीच कळायचं. म्हणून आम्ही आळीपाळीने चुकीचं उत्तर द्यायचो. तू रागावू नकोस."

मला हसू येत होतं की रडू, सांगता येत नाही. मी कपाट उघडलं. प्रत्येक कामाचा फोटो मी एका वहीत चिकटवून ठेवते. भिंग घेतलं. भाजीवाली, कंडक्टर, कॉलेजची मुलगी, परबांचा दिवसाचा, परबांचा रात्रीचा. नाकाच्या बाजूला, खाली, ती शीर, तोच फाटा, तेच वळण. बाजारात माझा डोळा मला दहा फुटांवरून ओळखू येतो, त्याला मी अनुभव समजत होते! माणसांच्या डोळ्यांत बघता बघता माझा हात एकेचाळीस वर्षं एक रेघ आपल्या मनाची ओढत आला होता. आमच्या कामात याला चूक म्हणतात, मोठी चूक.

पण ही रेघ आली कुठून? ते आठवायला मला दुपार उजाडली. खणाच्या तळाशी एक जुनी गोळ्यांची डबी आहे. सर गेल्यावर त्यांच्या पत्नीने ती मला परत आणून दिली होती. डबीत माझा पहिला डोळा. सरांचा डावा. तो मी उत्तरेच्या खिडकीत नेला आणि भिंग लावलं. नाकाच्या बाजूला, खाली, एक लाल शीर, तिला फुटलेला फाटा, आणि परत वर वळलेलं ते धाकटं पोर.

चार महिने रोज सकाळी सर माझ्यासमोर चहा पीत बसले होते. ती शीर त्यांची होती. माझ्या हाताने ती तेव्हा पाठ केली आणि मला न विचारता सगळ्या मुंबईला वाटली. लालबागेत, परळला, दादरच्या बाजारात, नाटकाच्या विंगेत, किती लोकांच्या पापणीखाली सर बसलेत. मी त्या खिडकीत किती वेळ उभी होते कोण जाणे. खालच्या गल्लीतला इस्त्रीवाला वर बघून विचारत होता, "बाई, बरं आहे ना?"

परबांना फोन करून सगळं कबूल केलं. म्हटलं, दोन्ही डोळे बदलून देते. ते म्हणाले, "ऱ्हवांदे गो. माज्याकडे तुजे सर दोन-दोन आसत, बाकीच्यांकडे एकच."

डीटरला मी टीचरची गोष्ट लिहिली. तो म्हणाला, तुकडे पाठव, आणि रंगाची चकती पाठव. मी टीचरना दोन दिवस खिडकीत बसवलं आणि त्यांच्या चांगल्या डोळ्याची चकती रंगवली, म्हातारपणी बुबुळाभोवती येते त्या राखी कड्यासकट. शिरांचा नकाशा वेगळा काढला, आणि या वेळी भिंग लावून, हातावर पहारा ठेवून. टीचरच्या डोळ्यात फाटा नव्हता. नकाशातही नव्हता. दहा वेळा तपासलं. तुकडे मिळाल्यावर डीटरने कळवलं, काच आमच्याच खोऱ्यातली आहे, काम मात्र माझ्या वडिलांचं नाही, शेजारच्या म्हाताऱ्याचं. पापणीच्या बाजूची गोलाई तो अशीच ठेवायचा. मी ते टीचरना वाचून दाखवलं. "म्हणजे भाऊ त्याच्या घरी गेला असणार," त्या म्हणाल्या, आणि ते खोरं नकाशात कुठे येतं ते विचारलं.

पार्सल आलं. कापसात दोन डोळे, आणि एक चिठ्ठी: एक घालायला, एक पुढच्यासाठी. मी हात धुतले, टीचरना खिडकीत बसवलं, पापणी उचलली आणि डोळा आत सरकवला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, तासभर. पाणी आलं नाही. टीचरनी हाताने चांगला डोळा झाकून बघितलं, इतक्या वर्षांनीही. मग त्यांनी माझा मोठं दाखवणारा आरसा घेतला आणि वही तपासावी तसं तपासायला लागल्या.

"कलर परफेक्ट. ही कडा परफेक्ट." आरसा थांबला. "आणि हे काय आहे? इथे, नाकाजवळ, खाली. ही ब्रँच माझ्या डोळ्यात नाही."

मी भिंग घेऊन वाकले. लाल काचेचा केसाएवढा धागा, त्याला फाटा, फाट्याला वळण. मी नकाशात न काढलेलं, डीटरने माझी सही म्हणून आपल्या हाताने काढलेलं.

मी टीचरना सगळं सांगितलं. सरांचा चहा, चार महिने, डबी, ग्रुपमधल्या लोकांचं खोटं खोटं चुकणं. म्हटलं, टीचर, चूकच आहे ही. दुसरा डोळा बघा, त्यात नसेल तर तो घाला. त्यांनी दुसरा डोळा बघितलासुद्धा नाही.

"भावाने आणले ते सगळे डोळे अनोळखी माणसांनी केले," त्या म्हणाल्या. "हा कोणाचा आहे ते तरी मला माहीत आहे. राहू दे तुझ्या सरांना." आणि पर्समधून लिपस्टिक काढून ओठांना लावली.

आता मी दोन्हीकडे असते. छोट्या गावात गप्पा मारायला जाते, आणि मोठ्या बाजारात नाक मुठीत धरून फक्त त्या एका घरापुरती जाते. तिथे परत "कुठला?" टाकते. लोक आता खरं उत्तर देतात आणि ती शीर असली की मी हरते. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारते, तुमच्या डोळ्यात नाही अशी एक शीर मी घातली तर चालेल का, नको असेल तर स्वच्छ नको म्हणा. बरेच जण नको म्हणतात आणि मी घालत नाही. हात अजून तिकडे ओढतो, त्याला धरून ठेवावं लागतं.

टीचरच्या पहिल्या रविवारी मी माझगावला गेले. नियम मोडला, आपण होऊन गेले, पण मागच्या बाकावर बसले आणि ओळख दाखवली नाही. टीचर वाचायला उभ्या राहिल्या. चष्मा नाही. दोन ओळी वाचल्या आणि मान वर करून सावकाश, डावीकडून उजवीकडे, सगळ्यांकडे बघितलं. मागच्या बाकावरून शीर दिसणं शक्य नव्हतं, पण ती कुठे आहे हे मला माहीत होतं. पेडणेकर सर परळ सोडून फारसे कुठे गेले नाहीत, माझगावच्या चर्चमध्ये तर कधीच नाही. त्या सकाळी ते तिथे टीचरबरोबर उभे होते आणि एकेकाकडे बघत होते.